भांगाच्या आठवड्यातली घट

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. झालं गेलं विसरून जावं असं लोक सांगतात. मला ते जमत नाही, आणि खरं सांगायचं तर जमवावंसं वाटतही नाही. चौथीत असताना एका मुलीने माझ्या डब्याला मासळीचा वास येतो म्हणून बाईंना सांगून बाक बदलून घेतला होता. तिचं लग्न कुठे झालं, तिच्या मुलाला बारावीला किती मार्क पडले, हे सगळं मी अजून विचारून ठेवते. बरेच कमी पडले.

तर ही गोष्ट एका साहेबाची आहे. तो आमच्या ऑफिसात जेमतेम अडीच महिने होता. गणपती झाल्यावर आला आणि नाताळचे स्टार लागायच्या आत गेला. त्याला घालवला मी. हे मी बरीच वर्षं झाल्यासारखं सांगते आहे, पण याला अजून दीड वर्षही झालेलं नाही.

आमची कंपनी ताजी मासळी घरपोच देते. पहाटे बंदरावर बोटी लागल्या की माल घ्यायचा, निवडायचा, बर्फात घालायचा आणि दुपारच्या आत विरारपासून एव्हरशाईन सिटीपर्यंतच्या फ्लॅटवाल्यांच्या दारात पोचवायचा. माल तीन ठिकाणांहून येतो, अर्नाळा, नायगाव आणि पाचूबंदर. ऑफिस वसई पूर्वेला एका गाळ्याच्या माळ्यावर आहे. तिथे मी आकडे सांभाळते. कुठल्या बंदरावरून किती किलो आलं, मागच्या आठवड्यापेक्षा जास्त की कमी, याचा तक्ता दर सोमवारी सकाळी मांडायचा, हे माझं मुख्य काम.

पाचूबंदर माझं माहेर. तिथल्या काउंटरवर माझी आई बसते. बाबा गेल्यावर बोट विकली, त्याच्याही आधीपासून आईने तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन वसईच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. मग तिचा उजवा गुडघा गेला. जिना चढवेना. नेमकी तेव्हा कंपनीने बंदरावर पत्र्याची शेड घातली आणि माल निवडायला चार बायका घेतल्या. आईला बसायला स्टूल मिळालं, गळ्यात फोटोचं कार्ड मिळालं. ते कार्ड ती रविवारी चर्चमध्ये मिस्सेलाही घालून जायची. मी एकदा म्हटलं, आई, देवाला तुझा फोटो दाखवायची गरज नाही. तिने कार्ड आत सरकवलं, पण काढलं नाही. त्या स्टुलामुळे माझी आई परत ताठ बसायला लागली होती, आणि ते गेलं असतं तर तो गुडघा आणि ती टोपली पुन्हा एकत्र आली असती.

आता थोडं आकड्यांबद्दल सांगायला हवं. आकडे साफसूफ करायचं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. पडद्यावर डावीकडून उजवीकडे एकेक चौकोन जोडत जायचं. एक चौकोन तिन्ही बंदरांच्या फाइली एकत्र करतो, दुसरा रिकाम्या ओळी काढतो, तिसरा दिवसांचे आठवडे करतो, चौथा प्रत्येक आठवड्याशेजारी त्याच्या आदल्या आठवड्याचं वजन आणून ठेवतो. मग वजाबाकी आणि भागाकार. वाढ असेल तर हिरवा बाण, घट असेल तर लाल. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बंदरं वेगळी करायला विसरले होते. त्यामुळे नायगावचा पहिला आठवडा अर्नाळ्याच्या शेवटच्या आठवड्याशी जाऊन भिडला आणि नायगावच्या समुद्रातली मासळी एका रात्रीत संपल्याचं दिसायला लागलं. तेव्हापासून मी कुठलीही वजाबाकी करण्याआधी कशातून काय वजा होतंय हे बोट लावून बघते.

आणि बोट लावून बघितल्यावर पाचूबंदरची एक गोष्ट लक्षात आली. म्हणजे मला ती जन्मापासून माहीतच होती, आकड्यांत दिसली एवढंच. आमच्याकडून कंपनीला माल देणाऱ्या बोटी लहान, डोलीच्या. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बांधायचं लांबलचक जाळं. पाण्याला ओढ असेल तर बोंबील, करंदी, मांदेली आपसूक आत जातात. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, तेव्हा ओढ भरपूर. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग लागतो, पाणी सुस्त पडतं, डोल लोंबत राहते. मग बोटी किनाऱ्याला लावून माणसं जाळी शिवत बसतात. म्हणजे एक आठवडा मासळी, एक आठवडा सुई-दोरा. अर्नाळ्याच्या मोठ्या बोटी आठ-आठ दिवस लांब जातात, त्यांना याचा फारसा फरक पडत नाही. आमच्याकडे मात्र आठवड्याची तुलना आदल्या आठवड्याशी केली की एकदा दुप्पट वाढ आणि एकदा अर्ध्याहून जास्त घट, असाच खेळ. त्याला काही अर्थ नाही. उधाणाची तुलना उधाणाशीच करायला हवी.

म्हणून मी एक जादा चौकोन केला. भिंतीवरच्या कॅलेंडरवरून वर्षभराच्या तिथी उतरवून काढल्या आणि प्रत्येक दिवसापुढे उधाण की भांग ते लिहिलं. जिथे शंका आली तिथे आईला फोन केला. आई चर्चला जाणारी बाई, पण अष्टमी-एकादशी तिला जपमाळेइतकी पाठ. शेवटी एक नवा रकाना तयार झाला, त्याचं नाव मी ठेवलं ‘मागचं उधाण’. तीन वर्षं तो रकाना व्यवस्थित चालला. आधीच्या साहेबांनी त्यावर कधी प्रश्न विचारला नाही, कारण आधीचे साहेब कशावरच प्रश्न विचारत नसत.

नवे साहेब प्रश्न विचारणारे होते. वय माझ्यापेक्षा कमी, शर्टाला इस्त्री, मराठी छान, पुण्याकडची. पहिले दोन सोमवार नीट गेले. तिसऱ्या सोमवारी त्यांनी माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडायला सांगितला आणि एकेक चौकोन उघडत गेले. समोर अकरा माणसं बसलेली. ‘मागचं उधाण’वर त्यांचं बोट थांबलं.

“हे काय आहे?”

मी सांगायला सुरुवात केली. उधाण, भांग, डोल. दोन वाक्यं झाली असतील.

“म्हणजे तुम्ही तिथ्या बघून रिपोर्ट करता?” ते म्हणाले. “मॅडम, इथे कंपनी चालते, पंचांग नाही. उद्या राहूकाळ बघून गाडी सोडाल.”

सगळे हसले. ज्या मुलीला मी काम शिकवलं तीसुद्धा हसली. डिलिव्हरीचा सुपरवायझर तर टेबलावर थाप मारून हसला, आणि तो स्वतः अर्नाळ्याचा, घरात चार बोटी. त्याला भांग कळत नव्हता असं मी मरेपर्यंत मानणार नाही. साहेबांनी त्या चौकोनावर उजवी क्लिक केली, डिलीट केला आणि म्हणाले, “जग आठवड्याने मोजतं. आपणही आठवड्याने मोजू.”

मी म्हटलं, “ठीक आहे सर.” माझा आवाज अगदी साधा होता. माझ्या नवऱ्याला हा आवाज माहीत आहे. तो ऐकला की तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या चौकोनांची जुनी प्रत वेगळी काढून ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये कुठला चौकोन कुणी, कधी, किती वाजता काढला याची नोंद राहते. तिचाही फोटो काढून ठेवला. कशासाठी, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या सोमवारी भांगाच्या आठवड्याचा आकडा आला. अर्नाळा थोडं खाली, नायगाव तसंच, आणि पाचूबंदर अर्ध्याहून खाली. भला मोठा लाल बाण. साहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला आणि फळ्यावर लिहिला. कुठल्याही बंदराची घट लागोपाठ दोन आठवडे एक-तृतीयांशाच्या वर गेली की त्या बंदराचं काउंटर बंद. गाडी नाही, माणसं नाहीत.

“एक आठवडा झाला,” पाचूबंदरच्या नावाखाली रेघ मारत ते म्हणाले. “अजून एक बघू.”

त्या रेघेकडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे स्टूल आलं, आणि ते स्टूल उचलून नेणारा हात या माणसाचा होता. मी तिथेच ठरवलं की याला मी सोडणार नाही. पंचांगाचा हिशेब वेगळा आणि आईचा वेगळा, पण चुकता एकदमच करायचा. आता मला वाटायला लागलं होतं की मी हे आईसाठी करते आहे. त्यामुळे रागाला फार बळ आलं.

घट कशी थांबवायची म्हणून साहेबांनी पाचूबंदरची गाडी सहाऐवजी पाचला नेली. कल्पना त्यांची स्वतःची. आईला साडेतीनला उठावं लागायला लागलं. तिने तक्रार केली नाही, फक्त विचारलं, “पाचाला गाडी आनून काय करनार गो? बोट तर पान्यावर येते, घड्याळावर नाय.” मी म्हटलं, नवे साहेब आहेत, उत्साही आहेत. ती हसली.

आणि अर्थातच त्या आठवड्यात उधाण आलं. पौर्णिमा होती. बोटी भरभरून लागल्या. सोमवारी पडद्यावर पाचूबंदरच्या नावापुढे हिरवा बाण, दुपटीहून जास्त वाढ. साहेब उठून उभे राहिले. फळ्यावरची रेघ त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली आणि आम्हाला वेळेचं महत्त्व या विषयावर वीस मिनिटं सांगितलं. एका तासाची हलवाहलव आणि दुप्पट मासळी. मी मान डोलावत होते. वहीत लिहूनही घेत होते. अर्नाळ्याचा सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड उघडलं नाही.

साहेबांनी लगेच मुंबईला मोठ्या मॅडमना मेल केला. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मेलमध्ये लावायला त्यांना आलेख हवा होता.

“ही रेघ पुढच्या दोन आठवड्यांसाठी अशीच वर नेता येईल का?” त्यांनी विचारलं.

“येईल सर,” मी म्हटलं. आणि नेली. छान हिरवी, तुटक तुटक, वर जाणारी रेघ. बाजूला त्यांचं नाव मोठ्या अक्षरात घातलं. इतकं मन लावून मी स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही बघितली नव्हती.

मॅडमचं उत्तर तासाभरात आलं. ही सुधारणा त्यांना डोळ्यांनी बघायची होती, पहाटे, थेट बंदरावर. त्यांना दोन दिवस सोयीचे होते, येता गुरुवार किंवा पुढचा मंगळवार. साहेब माझ्या टेबलाशी आले.

“तुम्ही तिथल्याच ना? कधी बोलवू?”

खरंच विचारलं त्यांनी. ज्या ज्ञानाला अकरा जणांपुढे हसले, तेच ज्ञान फुकटात मागायला आले होते. बुधवारी अष्टमी होती. गुरुवारी नवमी. बंदरावर त्या दिवशी कुत्री आणि जाळी यांच्याशिवाय काही नसणार होतं. पुढच्या मंगळवारी उधाण चढलेलं असणार होतं आणि पाय ठेवायला जागा नसती. मी कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.

“गुरुवार,” मी म्हटलं. “शुभस्य शीघ्रम्.”

त्यांना ते आवडलं.

गुरुवारी पहाटे पाचला साहेब, मॅडम आणि मी पाचूबंदरला उतरलो. अजून अंधार होता, पण किनाऱ्यावर दिवे होते. बोटी ओळीने वर लावलेल्या. दोन म्हातारे जाळं पसरून त्याचे फाटके डोळे शिवत बसले होते. कंपनीची गाडी शेडसमोर उभी होती, आत बर्फ भरलेला आणि तो हळूहळू वितळत होता. काउंटरवर आई आणि तिच्याबरोबरच्या तिघी जणी आदल्या दिवसाची थोडी करंदी निवडत होत्या, पाव किलो असेल नसेल. साहेबांच्या हातात आलेखाची रंगीत प्रत होती.

त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग आईला विचारलं, “आज सुट्टी आहे का? कुणी वारलं का गावात?”

आईने मान वर केली. तिला मॅडम कोण ते माहीत नव्हतं, साहेब कोण तेही नीट माहीत नव्हतं. तिच्या लेखी समोर दोन पाहुणे आणि मागे तिची मुलगी.

“कोन मेला नाय,” ती म्हणाली. “भांग हाय. पान्याला ओढ नाय तर डोलीत काय येल? सोमवारपासून परत जातील.”

“दर वेळी असं होतं?” मॅडमनी विचारलं.

“दर पंधरा दिवसांनी. माझ्या आज्याच्या येलेपासून.”

मॅडम साहेबांकडे वळल्या. साहेबांच्या हातातला कागद वाऱ्याने फडफडत होता आणि ते तो खाली करायचा विसरले होते. “मला हे कुणीच सांगितलं नाही,” ते म्हणाले.

या एका वाक्यासाठी मी अठरा दिवस थांबले होते. ते हे वाक्य बोलणार हे मला माहीत होतं, कारण अशी माणसं हेच बोलतात. मी मासळीच्या उलट्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला आणि मॅडमना जुनी प्रत उघडून दाखवली. ‘मागचं उधाण’ हा रकाना, तीन वर्षांचे आकडे, त्यात पाचूबंदरची रेघ जवळपास सरळ, ना वाढ ना घट. मग तो चौकोन कुणी काढला, कुठल्या सोमवारी, किती वाजता, ते दाखवलं. आणि मग त्यांच्याच चालीत, त्यांच्याच थांब्यांसकट ते वाक्य म्हणून दाखवलं, इथे कंपनी चालते, पंचांग नाही. जाळं शिवणारा एक म्हातारा हसला. साहेबांचे कान लाल झाले होते. मला तेव्हा जे सुख झालं ते मी लपवणार नाही. मुलगा झाला तेव्हाही मी इतकी शांत नव्हते.

मॅडमनी मला एकच विचारलं, “दिवस कुणी निवडला?”

“सरांनी विचारलं, मी सांगितला,” मी म्हटलं.

त्या माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. आईही बघत होती. गाडीकडे जाताना तिने माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, “तुला ठाव होता आज भांग. माणसाला असा उघडा पाडायचा नसतो, बाय.” मी म्हटलं, त्याने तुझं स्टूल काढलं असतं. तिचा हात लगेच सैल पडला. एवढं कारण तिला पुरलं.

महिनाभरात साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्या टेबलापाशी आले नाहीत. त्यांचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. अर्नाळ्याचा सुपरवायझर पेढे घेऊन आला तेव्हा मी ते न खाता पाकीट तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं, चांगले दहा दिवस, त्याला दिसेल असं.

मग मॅडमचा मेल आला. त्यात माझं खूप कौतुक होतं. माझ्या रकान्यामुळे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं की पाचूबंदरचं काउंटर महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस रिकामं चालतं. गाडी, बर्फ, चार माणसं, सगळं कशासाठी? इथून पुढे पाचूबंदर फक्त उधाणाच्या दिवसांत उघडं. भांगाचे दिवस कुठले ते मी तिथींवरून आधीच काढून द्यावेत आणि त्या दिवसांपुढे ‘बंद’ लिहावं.

मी भांडले. फोन केला, मुंबईला जाऊन आले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आकडे तुमचेच आहेत ना?” मी परत आले, नवा चौकोन जोडला आणि वर्षभराच्या अष्टम्या-नवम्यांच्या आसपासच्या सगळ्या दिवसांपुढे माझ्या हाताने ‘बंद’ लिहिलं.

चौघींतल्या दोघींनी काम सोडलं. आई राहिली, अर्ध्या दिवसांवर. भांगाच्या दिवसांत ती सुकटाची आणि सुक्या बोंबलांची टोपली घेऊन बसायला लागली. बसायला तिला जागा सापडली ती एव्हरशाईन सिटीच्या नाक्यावर, माझ्या इमारतीपासून चार मिनिटांवर. मी म्हटलं, नको करू, मी आहे ना. ती म्हणाली, हात रिकामे असले की गुडघा जास्त दुखतो. टोपली रिक्षातून उतरवायला ती अनोळखी माणसांना हाक मारते. मला मारत नाही, कारण मी तेव्हा ऑफिसात असते.

या मार्चमध्ये एका दुपारी मला जुन्या फाइली साफ करायच्या होत्या. त्यात साहेबांची पद्धत सापडली, आठवड्याला आठवडा. काय वाटलं कोण जाणे, मी त्यांचा नियम त्यात घातला. लागोपाठ दोन आठवडे एक-तृतीयांशाच्या वर घट. आणि तीन वर्षांच्या आकड्यांवर चालवून बघितला, पाचूबंदर किती वेळा बंद झालं असतं ते मोजायला.

शून्य.

मी पुन्हा चालवला. बोट लावून एकेक ओळ बघितली. भांगाच्या प्रत्येक घटेनंतर उधाणाची वाढ. लाल, हिरवा, लाल, हिरवा. मध्ये काही महिने एकाच आठवड्यात अर्धं उधाण आणि अर्धा भांग पडून बाण लहान होत होते, पण लागोपाठ दोन मोठे लाल एकदाही नाहीत. कसे असतील? दोन भांग एकापाठोपाठ येतच नाहीत. त्या माणसाच्या चुकीच्या हिशेबाने माझ्या आईचं काउंटर कधीच बंद होणार नव्हतं. तो दर पंधरवड्याला एकदा रेघ मारत राहिला असता आणि एकदा पुसत राहिला असता.

आणि हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याची फजिती मी याच्याच भरवशावर रचली होती, की घटेनंतर वाढ येणार आणि वाढीनंतर घट. त्याचा नियमही माझ्या समोर फळ्यावर होता. दोन्ही शेजारी ठेवून बघायला मला एक मिनिट लागलं असतं, आणि माझं कामच ते. मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर आईचं कारण हातातून गेलं असतं आणि उरलं असतं फक्त ते हसणं. हसण्यासाठी माणसाला घालवता येतं का, असा प्रश्न मला पडला असता. कदाचित तरी घालवला असता. त्या साहेबाचा राग अजून गेलेला नाही. उलट आता जास्त येतो, त्याचं चुकीचं गणित आईला पुरलं असतं म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मी नाक्यावर थांबले. भांगाचा आठवडा होता. आई आवराआवर करत होती. मी टोपलीची एक बाजू धरली, तिने दुसरी. उठताना तिने गुडघ्यावर हात दाबला आणि क्षणभर तशीच वाकून राहिली.

मग म्हणाली, “एक विचारू? तो तुमचा साहेब रहिला असता, तर आमचा काय झाला असता गो?”

“पूर्ण बंद झालं असतं, आई,” मी म्हटलं.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

तिने मान हलवली. टोपली रिक्षात ठेवली, माझ्या गालावरून सुकटाचा हात फिरवला आणि म्हणाली, “मंग तू व्हतीस म्हनून वाचलो, बाय.”